चाल-काल आलेखात रेघ आडवी झाली म्हणजे बस थांबली का?

प्रश्न
एका बसचा चाल-काल आलेख आहे. पहिल्या १० सेकंदांत चाल ० वरून ५४ किमी/तास होते, पुढची २० सेकंदं रेघ आडवी, शेवटच्या ५ सेकंदांत परत शून्य. आडव्या भागात बस उभी आहे असं धरलं की उत्तर चुकतं. का? आणि उतरत्या भागात ती मागे येतेय का? आडव्या भागाचं अंतर ५४ × २० = १०८० आलं, ते मीटर की किलोमीटर?

उत्तर १
आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा, निम्मा घोळ तिथेच असतो. अंतर-काल आलेखात आडवी रेघ म्हणजे गाडी उभी. इथे उभ्या अक्षावर चाल आहे, म्हणजे बस त्याच चालीने धावतेय. उभी असती तर रेघ खालच्या अक्षाला चिकटली असती. उतरती रेघ म्हणजे ब्रेक; बस पुढेच जातेय, फक्त हळू होत.

१०८० मीटरही नाही नि किलोमीटरही नाही. 'प्रति तास'ला सेकंदांनी गुणलंत. ५४ ला ३.६ ने भागा, १५ मी/से येतात. आता रेघेखालचं क्षेत्रफळ काढा, तेच कापलेलं अंतर: पहिला त्रिकोण ½ × १० × १५ = ७५ मी, आयत १५ × २० = ३०० मी, शेवटचा त्रिकोण ३७.५ मी. एकूण ४१२.५ मी. पडताळा हवा तर सगळा मिळून समलंब चौकोनच आहे: ½ × (३५ + २०) × १५.

रेघेचा चढ म्हणजे त्वरण: सुरुवातीला १५ ÷ १० = १.५ मी/से², ब्रेक लावताना −३. उतार दुप्पट तीव्र दिसतो तो यामुळेच.

उत्तर २
सरासरी चाल विचारली तर (० + ५४) ÷ २ करू नका. तो हिशोब फक्त एका सरळ तिरक्या तुकड्यापुरता चालतो. इथे ४१२.५ ÷ ३५ ≈ ११.८ मी/से, म्हणजे सुमारे ४२ किमी/तास. रेघ वक्र असेल तर क्षेत्रफळासाठी रेघेखालच्या आलेखकागदाच्या चौकटी मोजा: अर्ध्याहून जास्त भरलेली पूर्ण धरायची, कमी भरलेली सोडायची. एका चौकटीचे मीटर किती ते मात्र आधी ठरवा.

प्रश्नकर्ता
कळलं. दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे त्या भेटतात ना?

उत्तर १
नाही, तिथे फक्त चाली सारख्या होतात. समजा स्कूटर सतत १० मी/से ने जातेय आणि ती शेजारून जाताक्षणी कार शून्यापासून २ मी/से² त्वरणाने निघाली. रेघा ५ व्या सेकंदाला छेदतात. तोवर स्कूटर ५० मी गेली, कार २५ मी. उलट कार स्कूटरला गाठेपर्यंतच्या वेळात त्याच क्षणी दोघींमधलं अंतर सर्वांत जास्त असतं! कार तिला गाठते १० व्या सेकंदाला, १०० मीटरवर, कारण तिथे दोन्ही क्षेत्रफळं सारखी होतात.

उत्तर ३
'मागे येणं' बघायचं असेल तर चालीऐवजी वेगाचा (म्हणजे दिशेसकट चालीचा) आलेख लागतो. चाल ऋण होत नाही. वर फेकलेल्या चेंडूचा वेग-काल आलेख (वरची दिशा धन, हवेचा विरोध सोडून) एकच सरळ उतरती रेघ असते, चढ −९.८ मी/से². अक्ष ओलांडते तो सर्वोच्च बिंदू: वेग शून्य, त्वरण मात्र शून्य नाही. बरेच जण तिथेच फसतात.