बब आणि टेबलावरची ती बाई

झोम्बी म्हणजे नुसती झुंड, त्यातलं एखादं पात्र लक्षात राहत नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'डे ऑफ द डेड' (१९८५) या सिनेमातला बब आठवून बघा. भूमिगत तळावर साखळीने बांधलेला हा झोम्बी, झोम्बींवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टर लोगनचा लाडका. दाढीचा वस्तरा गालावरून फिरवतो, फोन कानाला लावतो, हेडफोनवर बीथोवन ऐकताना त्याचा चेहरा असा काही उजळतो! शेर्मन हॉवर्डने जेमतेम एखाद-दोन तुटके शब्द उच्चारत, फक्त डोळे आणि मानेच्या हालचालींवर ही भूमिका उभी केलीय. साखळी सुटल्यावर लोगनचा मृतदेह दिसतो, तेव्हाचा त्याचा आक्रोश मला आजही बघवत नाही. मग तो पिस्तूल घेऊन लोगनला मारणाऱ्या लष्करी कॅप्टन ऱ्होड्सच्या मागे लागतो आणि शेवटी त्याला सॅल्यूट ठोकतो. त्या क्षणी आपण पूर्णपणे झोम्बीच्या बाजूने असतो.

त्याच वर्षीच्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' मधला डांबरासारखा चिकट झोम्बी टारमन सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र टेबलावर बांधलेली ती अर्धीच उरलेली झोम्बी बाई जास्त अस्वस्थ करते. मेंदू का खाता, असं विचारल्यावर ती सांगते, मेलेलं असण्याची वेदना कमी होते म्हणून. आपण कुजतोय हे तिला जाणवतंय!

आणि हो, १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मधली झोम्बी होऊन आईवर खुरपं उगारणारी छोटी कॅरन. तिला विसरून चालणारच नाही.