प्रतिसाद: किरण चमकत नाहीत, कारण रेघा एकाच दिशेच्या

पितळी बिल्ल्यावर घासून काढलेले सूर्यकिरण चमकत नाहीत, सपाट दिसतात, अशी एकाची तक्रार आहे. सगळा पत्रा एकाच दिशेने घासला की तसंच होणार. चमक घासलेल्या रेघांना आडवी पसरते, म्हणून शेजारशेजारच्या किरणांत रेघांची दिशा ९० अंशांनी बदला. बिल्ला फिरवताच उजळ-गडद अदलाबदल होते.

आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने (घासकागदाने) जुने ओरखडे काढा. मग शेजारचा भाग मास्किंग टेपने झाकून, ठोकळ्यावर ताणलेला ३२० चा पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढा. पुढेमागे अजिबात नको, हात वळतो तिथे रेघा कमानीसारख्या वाकतात. टेपची कड झिजली की लगेच बदला.

लॅकर (वरचा पारदर्शक संरक्षक थर) देण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा. बोटाचा ठसा राहिला तर तो आतच काळवंडतो. लॅकरचा हात पातळच द्या, जाड थराने रेघा बुजतात.