सी-२०१ च्या दारावरचा कागद

साळवी ताई (सी-२०३): काल रात्री इथे सोसायटीच्या ग्रुपवर ‘सी-२०१ कॉन्फिस्केट झाला’ असं लिहिलं गेलं. आजींनी ते नातवाच्या फोनवर वाचलं. सकाळी गेले तर पातेली-डबे गोणीत भरत होत्या. मला विचारतात, किती वाजेपर्यंत घर सोडायचं गं?

पाटील (बी-४०१): मीच लिहिलं. कोर्टाच्या बेलिफने गेटवर मोठ्याने वाचून दाखवलं, दारावर कागद चिकटवला, सगळ्यांनी पाहिलं. आणि त्यांचा सात महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, तो कोण भरणार?

साळवी ताई (सी-२०३): दादा, मेंटेनन्सचा विषय आत्ता नको.

नेहा (ए-१०४): कागदावर ‘अटॅच्ड’ लिहिलंय. कॉन्फिस्केट कुठेच नाही.

रोहित (बी-१०२): मला अटॅच्ड म्हटलं की टॉयलेट-बाथरूमच आठवतं 😀

साळवी ताई (सी-२०३): रोहित, प्लीज.

रोहित (बी-१०२): सॉरी ताई.

जोशी काका (ए-३०१): मी ३१ वर्षं कोर्टात काढली, त्यातली बरीच नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा-जप्त्या बजावणाऱ्या विभागात. असे कागद रोज हातातून गेले, म्हणून लिहितो. अटॅच म्हणजे टाच आणणे, जप्ती. घरासारख्या स्थावरावर टाच आली की मालकाला ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, बक्षीसपत्रही करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५४ मध्ये एवढीच मनाई आहे. राहायला मनाई नाही. मालकी आजींचीच.

पाटील (बी-४०१): मग जप्ती आणि कॉन्फिस्केट एकच ना? मराठीत सगळ्याला जप्तीच म्हणतात.

जोशी काका (ए-३०१): तिथेच घोळ होतो. कॉन्फिस्केट म्हणजे सरकारजमा. विमानतळावर कस्टमने पकडलेलं चोरटं सोनं रीतसर चौकशीनंतर कॉन्फिस्केट होतं, मग मालकी सरकारची. सीझ म्हणजे वस्तू ताब्यात घेणं, तेवढ्याने मालकी जात नाही. पेपरवाले तिन्हींना ‘जप्त’ म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

नेहा (ए-१०४): पण काका, पुढे लिलाव होऊ शकतो ना?

जोशी काका (ए-३०१): होऊ शकतो, खोटा धीर देणार नाही. पण त्याआधी विक्रीची उद्घोषणा निघते, तारखा पडतात. डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची, रक्कम आणि खर्च कोर्टात भरला तर टाच उठते. कागदावर हजर राहायची तारीख आहे, ती चुकवायची नाही. मी सोबत जाईन.

पाटील (बी-४०१): आणि सोसायटीचे पैसे? वरती वाचा. सात महिने. उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं.

सेक्रेटरी (बी-२०२): तेवढा दर लावायचा की कमी, ते सर्वसाधारण सभा ठरवेल. इथे नाही.

पाटील (बी-४०१): सभेला कोण येतं? मागच्या वेळी ११ जण होते. आम्ही वेळेवर भरतो ते मूर्ख का?

देशमुख काकू (सी-१०१): वेळेवर भरता, पण गाडी माझ्या पार्किंगमध्ये लावता. ती कधी जप्त करायची?

पाटील (बी-४०१): काकू, तो विषय मिटला आहे.

देशमुख काकू (सी-१०१): तुमच्या बाजूने मिटला.

साळवी ताई (सी-२०३): आजींचे यजमान अण्णा, त्यांनी हयातभर कोणाचा रुपया बुडवला नाही. मित्राला जामीन राहिले, मित्राने हप्ते थांबवले, आणि कागद आला तो अण्णा गेल्यावर. कर्ज कोणाचं ते आजींना अजून नीट ठाऊक नाही.

जोशी काका (ए-३०१): ताई, त्यांना सांगा, भांडी गोणीतून काढा. त्याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा दागिना, यांवर टाच येतच नाही. आणि सूर्यास्तानंतर या कामासाठी कोणी घरात शिरू शकत नाही. रात्री दार वाजलं तर घाबरू नका.

पाटील (बी-४०१): काका, मला हे माहीत नव्हतं. कालचा मेसेज डिलीट करतो, पण आजींनी तो वाचलाय.

साळवी ताई (सी-२०३): मग वर जाऊन स्वतः सांगा त्यांना.

पाटील (बी-४०१): जातो संध्याकाळी. पण थकबाकीचा मुद्दा अजेंड्यावर घ्या.

साळवी ताई (सी-२०३): आजींकडेच बसले आहे. विचारतात, रंगाऱ्याला परत पाठवलं होतं, त्याला बोलावलं तर चालेल का?

जोशी काका (ए-३०१): बोलवा. रंग लावायला मनाई नाही.