न्यायाधीश नेमायचे कोणी, यापेक्षा फाईल अडवतं कोण?

पैलतीर:
न्यायाधीश निवडायला कॉलेजियम (सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) हवं की नेमणूक आयोग, यावर आपल्याकडे अधूनमधून जुंपते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सरकारला न्यायाधीशांवर वचक बसवायचा असेल, तर आज नेमणुकीचा अधिकार हातात असायची गरजच राहिलेली नाही.

१९७३ मध्ये होती. २४ एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरलं की संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केल्याचं जाहीर झालं. डावललेले तिघे बहुमतात होते, राय विरोधात. तिघांनी राजीनामे दिले. काय झालं आणि कोणी केलं, हे सगळ्या देशाला दिसलं.

आता तसं काही करावं लागत नाही. कॉलेजियम नाव पाठवतं, सरकार ते ठेवून घेतं. होकार नाही, नकारही नाही, नुसतं भिजत घोंगडं. मे २०१९ मध्ये अकील कुरेशींचं नाव मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी गेलं, तेव्हा ते आपल्या मुंबई उच्च न्यायालयात होते. २०१० साली सोहराबुद्दीन बनावट चकमक प्रकरणात अमित शहांना सीबीआय कोठडी देणारे न्यायाधीश ते हेच. (शहा पुढे २०१४ मध्ये आरोपमुक्त झाले, तेही नोंदवतो.) नाव महिनोन्महिने पडून राहिलं आणि शेवटी कॉलेजियमनेच जागा बदलून त्यांना त्रिपुराला पाठवलं. सर्वोच्च न्यायालयात ते कधीच पोचले नाहीत. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या मुख्य न्यायमूर्तिपदावरून निवृत्त होताना ते म्हणाले, की माझ्या निकालांमुळे सरकारचं माझ्याविषयी प्रतिकूल मत झालं असेल, तर ते मी स्वातंत्र्याचं प्रमाणपत्र समजतो.

हे पाहणारा पस्तिशी-चाळिशीतला न्यायाधीश काय शिकत असेल?

चावडीवरचा:
१९७३ पासून सुरुवात केलीत, बरं केलंत. तेव्हा सत्तेत कोण होतं ते मात्र सोयीस्कर गाळलंत. इंदिरा गांधी. असो.

मुद्द्याचं बोलू. न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमावेत हे घटनेत कुठे लिहिलंय? लिहिलंय ते राष्ट्रपतींनी सल्लामसलत करून नेमावेत असं. २४ मे १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, आपल्यासारखेच रागलोभ आणि पूर्वग्रह असलेला; त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने तोच अधिकार न्यायमूर्तींनी स्वतःकडे घेतला. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश! २०१४ ला संसदेने जवळपास एकमताने आयोग आणला, तोही सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एकने रद्द केला. तो 'एक' म्हणजे न्या. चेलमेश्वर. पुढच्याच वर्षी त्यांनी कॉलेजियमच्या बैठकांना जायचं थांबवलं, कारण तिथे कोण काय बोललं याची नोंदच राहत नव्हती. घरचा आहेर म्हणतात तो हाच.

सरकारच्या हाती उरलंय ते फक्त फाईल ठेवून घेणं. सगळे दरवाजे बंद केल्यावर खिडकीतून येणार नाही तर काय?

सुमेधा ग.:
चावडीवरचे, त्याच भाषणात बाबासाहेबांनी केवळ सरकारच्या मर्जीवर नेमणुका सोडायलाही विरोध केला होता. अर्धंच सांगू नका.

आणि त्या आयोगाची रचना आठवा. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन 'नामवंत व्यक्ती'. सहापैकी कोणतेही दोघे नाव अडवू शकत होते. म्हणजे कायदामंत्री आणि एक नामवंत एकत्र आले की तिन्ही न्यायमूर्तींचं मत शून्य. नामवंत म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात शोधून दाखवा.

पोलंडमध्ये आयोगच होता. २५ जणांची न्यायपरिषद, त्यात १५ न्यायाधीश, आणि त्यांना निवडायचे न्यायाधीशच. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ती निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. पाटी तीच, इमारत तीच, आत बसणारे सत्ताधाऱ्यांच्या पसंतीचे. युरोपीय न्यायालयांनी ठपक्यावर ठपके ठेवले, पण त्या परिषदेने नेमलेल्या न्यायाधीशांचं आता करायचं काय, हा गुंता तिथलं सरकार बदलल्यावरही सुटला नाही.

वैदर्भी वकील:
पैलतीर, तुम्ही सगळं खापर सरकारवर फोडताय. आमच्या पेशात नेमणुकीपेक्षा बदलीची भीती जास्त, आणि बदलीची शिफारस कॉलेजियमच करतं. इशरत जहाँ चकमक प्रकरणात सीबीआय तपासाचा आदेश देणाऱ्या खंडपीठात गुजरातचे जयंत पटेल होते. त्यांची आधी कर्नाटकात आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अलाहाबादला बदली निघाली. त्यांनी राजीनामाच दिला. त्या शिफारशीवर मंत्र्याची सही नव्हती हो.

आमच्या नागपूरचं सांगतो. ४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. न्या. रोहित देव यांनी भर कोर्टात वकिलांची माफी मागितली. म्हणाले, तुम्हाला रागावलो ते तुम्ही सुधारावं म्हणून. मी राजीनामा दिला आहे, स्वाभिमानाशी तडजोड करून काम करता येणार नाही. त्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, तसंच राहिलं. मी त्या दालनात नव्हतो, पण बार रूममध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना ऑक्टोबर २०२२ ला न्या. देव यांच्याच खंडपीठाने निर्दोष ठरवलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल स्थगित केला होता. त्याचा राजीनाम्याशी संबंध आहे असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. पण मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या खंडपीठानेही साईबाबांना निर्दोषच सोडलं, एवढं लक्षात ठेवा.

निवृत्त कारकून:
निवृत्तीनंतरच्या खुर्चीचं कोणीच बोलत नाही? १९५८ साली सेटलवाडांच्या विधी आयोगाने सांगितलं होतं, न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. त्या आयोगाचे एक सदस्य होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला. त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ ला निवृत्त झाले आणि मार्च २०२० ला राज्यसभेवर. पक्ष बदलले, चाल तीच.

कोकणी माणूस:
मला तर वाटतं पद्धत कोणतीही आणा, माणूस ताठ हवा. एप्रिल १९७६, जबलपूरचा खटला. आणीबाणीत कैद झालेल्याला कोर्टात दाद मागता येते का? नऊ उच्च न्यायालयं 'येते' म्हणाली होती. सर्वोच्च न्यायालयात चौघे 'नाही' म्हणाले. बेग यांनी तर लिहिलं, की सरकार स्थानबद्धांची घेतं ती काळजी जवळजवळ आईसारखी आहे! आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही त्या चौघांत. एकटे खन्ना विरोधात. निकालापूर्वी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, हा निकाल मला सरन्यायाधीशपदाला मुकवणार. जानेवारी १९७७ ला मुकवलंच.

सुमेधा ग.:
काका, पाचात एक खन्ना निघाला यावर देश चालवायचा? तो निकाल अधिकृतपणे मोडीत काढायला २०१७ उजाडलं. मोडीत काढणाऱ्या खंडपीठात यशवंतरावांचे चिरंजीव होते हे खरं, पण मधल्या ४१ वर्षांचं काय?

पैलतीर:
वकीलसाहेब, बदल्यांचा मुद्दा मला पटतो, पण त्याने माझं म्हणणं पुसलं जात नाही. ज्याची नावं सरकार अडवू शकतं, ते कॉलेजियम सरकारला न रुचणारी नावं हळूहळू पाठवेनासंच होतं. कुरेशींची जागा बदलली कोणी? कॉलेजियमनेच, पण कशामुळे? उपाय साधा आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. त्याला दात द्या. मुदत टळली की नेमणूक झाली असं समजायचं.

चावडीवरचा:
दात कोण देणार, तेच न्यायालय? त्या मुदती पाळल्या जात नाहीत म्हणून बंगळुरूच्या वकिलांनी याचिका केली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कौल ती चिकाटीने ऐकत होते. निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना, ५ डिसेंबर २०२३ ला, ते प्रकरण त्यांच्या यादीतून गायब. ते भर कोर्टात म्हणाले, मी काढलेलं नाही, आणि काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या. यादी कायदामंत्री करत नाहीत, सरन्यायाधीशांच्या अखत्यारीतली रजिस्ट्री करते.

तुमची मुदत मला मान्य आहे. पण आधी कॉलेजियमने प्रत्येक नावाची आणि प्रत्येक बदलीची कारणं लिहून प्रसिद्ध करावीत, कोण सहमत आणि कोण असहमत तेही. ऑक्टोबर २०१७ पासून ठराव संकेतस्थळावर येतात. बदलीचा ठराव उघडून बघा, 'न्यायदान अधिक चांगलं व्हावं म्हणून' यापलीकडे क्वचितच काही सापडेल. कारण न देता पाठवलेलं नाव मुदतीत मुकाट्याने मंजूर करा, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला मी सांगणार नाही.

वैदर्भी वकील:
या एका मागणीवर माझी सही घ्या. मुदतीवर नाही. तीन आठवड्यांत आपोआप होणारी नेमणूक चुकीची निघाली, तर महाभियोगाशिवाय त्या माणसाला पदावरून काढता येत नाही, आणि आजवर एकही महाभियोग शेवटापर्यंत गेलेला नाही.