'वीज आल्यास मोटारीजवळ जाऊ नये' : यातली वीज कोणती?

ओढ्याकाठची
पावसाळ्यातल्या खबरदारीची पत्रकं इंग्रजीतून मराठीत करून देण्याचं काम मी करते. आकाशातल्या विजेपासून बचाव कसा करावा याचं एक पत्रक गावात वाचून दाखवलं. त्यात वाक्य होतं, 'वीज आल्यास मोटारीजवळ जाऊ नये'. त्याच्याच खाली 'विजेची उपकरणे बंद ठेवावीत'. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आमच्यात वीज येती रातच्या अकराला. ती आल्यावरच मोटार चालू कराया जातो की. जायचं न्हाई म्हणल्यावर उसाला पाणी कवा द्यायचं?"

वाक्य मीच लिहिलेलं. देशात दरवर्षी २,००० हून जास्त माणसं वीज पडून जातात, त्यांत शेतात काम करणारे पुष्कळ. त्यांच्याचसाठी केलेलं पत्रक त्यांनाच उलटं कळत असेल तर ते छापण्यात काय अर्थ? मी पुरवठ्यासाठी 'लाइट' लिहिलं, तर काम देणाऱ्यांनी ते खोडलं. छापील मराठीत 'लाइट' चालत नाही म्हणे. काय करू?

दिनूकाका६०
विद्युत मंडळात ३४ वर्षं कारकुनी केली, म्हणून हक्काने लिहितो. संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु, मराठी वीज. इतका आपला शब्द हाताशी असताना 'लाइट' कशाला? दोष वाक्यरचनेचा आहे. एकीकडे 'आकाशातील वीज' लिहा, दुसरीकडे 'वीजपुरवठा'. 'वीजपुरवठा खंडित राहील' अशा शेकडो सूचना मी स्वतः काढल्या. कोणाचा घोटाळा झाल्याचं ऐकलं नाही.

बारामाही
काका, सूचना वाचून आम्ही 'लाइट जाणार आहे' असंच एकमेकांना सांगतो. आमच्याकडे एक आठवडा दिवसा ८ तास, दुसरा आठवडा रात्री १० तास. 'या आठवड्यात आमची रात्रीची लाइट' असं म्हटलं की सोयऱ्यांनाही कळतं, हा माणूस लग्नाला येईल पण मुक्काम करणार नाही. वीज म्हणजे फक्त पडते ती. आमची आजी तर 'ईज' म्हणायची. ईज आभाळात, लाइट तारेत. गेल्या जूनमध्ये रात्री लाइट आली तेव्हा आभाळही गडगडत होतं. पाय चिखलात, एका हातात बॅटरी, दुसरा हात स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर. त्या वेळी दोन्हीला एकच शब्द असून भागत नाही.

वऱ्हाडकन्या
आमच्याकडे 'लाइन गेली'. पुण्यात शिकायला आले तर खोलीतल्या मुली 'लाइट गेले' म्हणायच्या, अनेकवचनात. साताऱ्याची मैत्रीण 'लाइट गेली'. मग पत्रकात कोणतं लिंग, कोणतं वचन घ्यायचं? प्रमाण शब्द लागतो तो यासाठीच.

दिनूकाका६०
बरोबर बोललात. शिवाय लाइट म्हणजे उजेड. भर दुपारी पंखा थांबला तरी 'लाइट गेली'? पाण्याची मोटार काय उजेडावर चालते?

सांजवात
काका, लोकांच्या घरात ती शिरली उजेड होऊन, म्हणून ते नाव पडलं. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा माजघरात एकच दिवा लावलेला, पिवळा, चाळीसचा. पंखा आणि मिक्सर फार मागून आले. दिवेलागणीला बटण दाबलं की आजी त्या दिव्याला हात जोडायची. आणि 'लाइट बंद कर' असं कधी म्हणाली नाही, 'लाइट मालव' म्हणायची. दिवा विझला म्हणू नये हा समईचा नियम तिने त्या काचेच्या गोळ्यालाही लावला. ज्या शब्दाला आजीने समईचा मान दिला तो परका कसा? मला तरी तो घरातलाच वाटतो.

शब्दवेडा
मूळ मुद्द्याकडे येऊ. वीज हा शब्द 'बीज'वरून आला असावा असं मला फार दिवस वाटतंय. विजा कडाडल्या की अळंबी उगवतात असं कोकणात म्हणतात. वीज जमिनीत पडते, बीजही पडतं.

दिनूकाका६०
नाही हो. वर विज्जु दिलाय तो पाहा. मराठीत 'व' टिकला, हिंदीत 'ब' होऊन बिजली झाली. ती बिजली कानात बसली की बीज आठवतं.

ओढ्याकाठची
पत्रक शुक्रवारी छापायला जाणार आहे. 'आकाशातील वीज' आणि 'लाइट' असं ठेवलं तर?

वऱ्हाडकन्या
आकाशातलीला 'दामिनी' का नाही? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ॲपचं तेच नाव आहे. आसपास वीज पडण्याचा इशारा देतं.

बारामाही
माझ्या मुलाच्या फोनवर आहे ते. चांगलं आहे, सगळ्यांनी घ्यावं. पण 'दामिनी' म्हणजे काय हे इथे कोणाला सांगता येत नाही, म्हणून मी 'विजेचं ॲप' म्हणालो. शेजारच्या अण्णांनी लगेच विचारलं, "मग लाइटबिल ह्यातनंच भरायचं का?" बघा, मी तोंडाने सांगतानाही तोच घोटाळा झाला.

दिनूकाका६०
म्हणून शब्द शिकवावे लागतात. दिनांक, महापौर हेही घडवलेलेच शब्द, आज कोणाला खटकतात का? मंडळाच्या काळात आम्ही ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' लिहायचो. आता वर्तमानपत्रं सर्रास लिहितात. जनित्र, रोहित्र, किती नेटके शब्द आहेत.

बारामाही
वर्तमानपत्रं लिहितात, आम्ही डीपी म्हणतो. 'डीपी जळाली' म्हटलं की अख्खं शिवार गोळा होतं. 'रोहित्र नादुरुस्त' वाचून कोणी जागचं हलत नाही.

शब्दवेडा
रोहित्र हा 'रुह्' धातूवरून असणार. रुह् म्हणजे चढणे, रोहित्र म्हणजे चढवणारं साधन. पण गावातलं रोहित्र तर ११,००० व्होल्ट उतरवून ४०० च्या आसपास आणतं! म्हणजे शब्द उलटाच झाला की.

दिनूकाका६०
वीजनिर्मिती केंद्रावर चढवतात ना. तिथे दाब वाढवल्याशिवाय कोयनेची वीज मुंबईला कशी पोचेल? तारेतच तापून वाया जाईल. नाव त्या पहिल्या कामावरून पडलं असेल.

सांजवात
मग हेच 'लाइट'ला का लागू होत नाही, काका? तिचंही नाव पहिल्या कामावरूनच पडलं.

दिनूकाका६०
रोहित्र शास्त्राला धरून घडवलंय, लाइट ऐकीव आहे. दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत.

ओढ्याकाठची
मी आज असं लिहून पाठवलं : 'विजा चमकत असतील तर लाइट आली तरी मोटारीजवळ, डीपीजवळ जाऊ नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा.' त्या मावशींना फोनवर वाचून दाखवलं. "आता कळलं," म्हणाल्या. काम देणाऱ्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

दिनूकाका६०
'लाइट'ऐवजी 'पुरवठा सुरू झाला तरी' करा. अजून वेळ आहे.

वऱ्हाडकन्या
बारामाही, तुम्ही 'डीपी जळाली' लिहिलंत. आमच्याकडे 'डीपी जळाला'. मग तो डीपी की ती डीपी?