कॅलनिशच्या शिळावर्तुळाला भेट : मदत हवी आहे

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील कॅलनिश येथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी उभारलेल्या शिळा पाहण्यासाठी येत्या जूनमध्ये आई-वडिलांसह जाण्याचा विचार आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंज हे प्रसिद्ध शिळावर्तुळ एरवी दोरीबाहेरूनच पाहावे लागते, येथे मात्र त्या पट्टेदार खडकांमधून फिरता येते. म्हणूनच मधल्या १३ शिळांच्या वर्तुळापाशी, गर्दी नसताना, बराच वेळ शांत बसून तेथील वातावरण अनुभवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. तेथे जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, तेव्हा पहाटे जावे की सूर्यास्ताच्या सुमारास, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. स्टॉर्नोवेला बोटीतून उतरल्यावर पुढे कसे जावे, आणि जवळच्या लहान वर्तुळांपर्यंतची वाट वडिलांच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल का, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.