शनिवारी शॉपिंग, रविवारी यॉट? मोनॅकोचा असला प्लॅन करू नका!

वळणवेडा:
परवा इथं 'फर्स्टक्लास भटके' यांनी मोनॅको ग्रांप्रीचा (फॉर्म्युला वन, म्हणजे एफ वन मोटारींची शर्यत) "राजेशाही वीकेंड" टाकलाय. नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मे अखेरीस आधी कानचा फिल्म फेस्टिव्हल, मग नीसहून हेलिकॉप्टरनं मोनॅको, कॅसिनो चौकातल्या हॉटेलात मुक्काम, शनिवारी "आराम आणि शॉपिंग", रविवारी बंदरातल्या यॉटवर शॅम्पेन घेत शर्यत. जोडप्याला वीस लाख. आणि खाली सगळे "वा वा, बकेट लिस्ट".

ज्याचे पैसे तो कसेही उडवेल, माझं काही म्हणणं नाही. पण शनिवारी शॉपिंग वाचलं आणि राहवेना. अहो, मोनॅकोची खरी शर्यत शनिवारीच होते! रविवारी निघते ती वरात. 3.337 किलोमीटरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना लोखंडी बॅरियर, गाड्या एवढाल्या झाल्यात, ओव्हरटेक करणार कुठून? 2018 ला रिकार्डोच्या गाडीची एमजीयू-के (इंजिनाला जोड देणारी विजेची मोटर) गेली, पाव ताकद गायब, मागे फेटल होता, तरी रिकार्डोच जिंकला. 2024 ला पहिल्याच लॅपला पेरेझचा अपघात, रेड फ्लॅग म्हणजे शर्यत थांबवली, सगळ्यांनी तिथंच टायर बदलून घेतले आणि पहिले दहा जसे सुटले तसेच पोचले. 2025 ला टायर बदलायचे दोन पिट स्टॉप सक्तीचे केले, तर विल्यम्स आणि रेसिंग बुल्स या टीमनी एका ड्रायव्हरला मुद्दाम रखडत चालवायला लावून दुसऱ्यासाठी वेळ काढून दिला. रसेल वैतागून शिकेन (नागमोडी वळण) कापून गेला आणि दंड घेऊन बसला. ह्याला शर्यत म्हणायची?

उलट शनिवारच्या क्वालिफाइंगला, म्हणजे रविवारी कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीत, प्रत्येक जण बॅरियरला टायर घासत जातो. 2025 ला नॉरिसनं 1:09.954 चा लॅप मारला तो ह्याच ट्रॅकवर, आणि ह्या पोस्टप्रमाणे त्या वेळी तुम्ही कुठंतरी पर्स बघत असणार.

आता यॉट. मी एका क्लायंटच्या कृपेनं बसलोय त्या बोटीवर, म्हणून सांगतो. दिसतं काय तर जाळी, जाहिरातीचे बोर्ड आणि त्यावरून झर्रकन जाणारा हॅलो (ड्रायव्हरच्या डोक्यावरची संरक्षक कमान) आणि हेल्मेट. बाकी सगळं डेकवरच्या टीव्हीवर. तोही उन्हात. टीव्हीच बघायचा तर घरचा काय वाईट?

पैसे घालायचेच तर शनिवार-रविवार के स्टँडची (बंदराकाठची प्रेक्षक गॅलरी) वरच्या रांगेतली तिकिटं घ्या, ताबाच्या वळणावर गाडी कशी फेकतात ते समोर दिसतं आणि मागे बंदरही येतं फोटोत. राहायला नीस किंवा माँतों. हेलिकॉप्टर सात मिनिटं घेतं, ट्रेन वीस-पंचवीस, आणि ट्रेन समुद्राच्या कडेनं जाते.

आणि हो, 2026 पासून शर्यत जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलीय. कान आणि मोनॅको एका दमात करायचे दिवस संपले. वीस लाखांचा प्लॅन टाकताना कॅलेंडर तरी बघायचं.

फर्स्टक्लास भटके:
तारीख बदलली, सांगितल्याबद्दल कोटी कोटी आभार. बाकी सगळं प्रवचन माझ्या डोक्यावरून गेलं असं समजू नका, मीही एफ वन बघतो. पण मुळात आम्ही शर्यत "बघायला" जातच नाही आहोत हे तुम्हाला कळलं नाही. लग्नाला माणूस मंगलाष्टकं ऐकायला जातो का? माहौल असतो, कपडे असतात, चार माणसं भेटतात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, बायकोला मी स्टँडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर डोक्यावर टोपी घालून तीन तास बसवणार नाहीये. आणि नीसला राहून लोकलनं जायचं? डोंबिवलीत काढलीत ती वर्षं, पुरेत.

सूनबाई दुबईच्या:
वहिनींना विचारलंय का पण? माझ्या नवऱ्यानं पण मला असंच "तुझ्यासाठी" म्हणून यास मरीनाला, अबू धाबीच्या ट्रॅकशेजारच्या बंदरात, बोटीवर नेलं होतं. हिल्स घालून गेले, बोटीच्या दारातच बास्केट, सगळ्यांच्या चपला बूट त्यात. माझ्या त्या सॅन्डल्सचा एकही फोटो नाही. नंतर दिवसभर अनवाणी, आणि डेक तापलेला.

तरी मी म्हणेन लक्झरीच हवी तर अबू धाबी करा. सीझनची शेवटची शर्यत, थंडीचे दिवस, उजेडात सुरू होऊन दिव्यांत संपते, हॉटेल ट्रॅकच्या अंगावरच आहे आणि रात्री तिकिटातच कॉन्सर्ट. रस्ते रुंद, गर्दी शिस्तीत. मोनॅकोला जिकडे जायचं तिकडे जिने.

वळणवेडा:
सूनबाई, अबू धाबी म्हणजे मॉल. 2021 ला शेवटच्या लॅपला विजेतेपद फिरलं ते सोडलं तर त्या ट्रॅकवर लक्षात राहण्यासारखं काय झालंय सांगा.

सूनबाई दुबईच्या:
मग मॉलमध्ये काय वाईट आहे? एसी असतो, स्वच्छ बाथरूम असतात. तुम्हा लोकांना बायकांसाठी बाथरूमची रांग किती असते हे कधी लिहावंसं वाटत नाही, टायरवर मात्र निबंध.

जुनी गाडी:
तुम्ही सगळे उशिरा पोचलात. 2014 ला टर्बो हायब्रिड इंजिनं आली आणि मोनॅको मेलं. जुन्या व्ही टेन इंजिनाची गाडी बोगद्यातून बाहेर यायची तेव्हा छातीत धडधड व्हायची, कानात बोळे घालून पण. आता शेजारचा फोनवर बोलतो ते ऐकू येतं. आणि ड्रायव्हर म्हणाल तर आयर्टन सेना. सहा वेळा जिंकला तिथं. 1988 ला क्वालिफाइंगमध्ये टीममधल्याच प्रॉस्टपेक्षा जवळपास दीड सेकंद पुढे, त्याच गाडीत! आणि रविवारी एकटा पुढे असताना पोर्तिएच्या वळणावर बॅरियरमध्ये घातली आणि चालत घरी निघून गेला, तिथंच फ्लॅट होता त्याचा. असली माणसं राहिली नाहीत.

हिशेबी ठाणेकर:
वीस लाख. वीस. आमच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्तीला दोन हजार काढताना माणसं मीटिंग सोडून जातात. बरं त्यावर टीसीएस (परदेशी खर्चावर आधीच घेतला जाणारा कर) कापला जाईल तो वेगळा, रिटर्न भरल्यावर मिळेल तेव्हा मिळेल. आणि एवढं करून व्हिसा नाकारला तर? माझ्या मेव्हण्याचं झालंय. हॉटेल भरलेलं, तिकिटं काढलेली, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयटीआर, सगळं दिलं आणि शेवटी "प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही" असा छापील कागद. नव्वद युरो फी गेली ती गेलीच, हॉटेलवाल्यानं पण हात वर केले. शर्यतीच्या आठवड्यात रिफंड कोणी देत नाही हे लिहा की तुमच्या राजेशाही प्लॅनमध्ये.

फर्स्टक्लास भटके:
मेव्हण्याच्या व्हिसाचा आणि माझ्या यॉटचा संबंध काय?

हिशेबी ठाणेकर:
संबंध हाच की यॉटवाल्यांचं पुढं काय होतं ते पाहिलंय आपण. फोर्स इंडिया या त्यांच्या एफ वन टीमच्या दिवसांत मल्ल्यांची 'इंडियन एम्प्रेस' त्याच बंदरात उभी असायची, पार्ट्यांचे फोटो पेपरात. 2018 ला तीच बोट माल्टात जप्त झाली, खलाशांचे पगार थकले म्हणून.

फर्स्टक्लास भटके:
मी बोट विकत घेत नाहीये हो, दिवसभर बसणार आहे फक्त!!

नोएडा रिटर्न:
मल्ल्या निघालेच आहेत तर बोलतो. ही वेळच आली नसती. 2011, 12, 13, तीन वर्षं आपल्याकडे ग्रांप्री होती. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटर, ट्रॅक डिझायनर टिल्केनं आखलेलं, ड्रायव्हर नावाजत होते. पहिल्या वर्षी मी पुण्याहून गेलो होतो. फेटल तिन्ही वर्षं जिंकला आणि 2013 ला तर चौथं विजेतेपद तिथंच पक्कं केलं, स्टँडसमोर गोल गोल गाडी फिरवून खाली उतरून नमस्कार घातला गाडीला. हे आपल्या देशात झालंय! आणि यूपी सरकारनं काय केलं, हा खेळच नाही, करमणूक आहे म्हणून टॅक्स लावला. घालवली. आता बसा नव्वद युरो भरत.

जुनी गाडी:
ती ग्रांप्री होती? पहिल्याच सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं. धुळीनं गाड्या घसरत होत्या. त्याच वीकेंडला मेटालिका या रॉक बँडचा कार्यक्रम रद्द झाला आणि लोकांनी स्टेज फोडलं. जगात हसं झालं.

नोएडा रिटर्न:
मेटालिका गुडगावला होतं, ट्रॅकवर नाही. दोन्हींची खिचडी करू नका. आणि कुत्रं कुठंही येतं.

जुनी गाडी:
मोनॅकोला येत नाही.

नोएडा रिटर्न:
मोनॅकोला कुत्री पण बिझनेस क्लासनं येतात.

कार्टवाला कोल्हापूर:
टॅक्सचं खापर नुसतं यूपीवर कशाला? केंद्राच्या क्रीडा खात्यानं 2009 मध्येच सांगितलं होतं की हा निव्वळ खेळ नाही, करमणूक आहे. आणि एफ वनवाले काय साधू आहेत का? 2017 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की भारतात कमावलंय तर भारतात आयकर भरा. त्यात चूक काय?

नोएडा रिटर्न:
चूक ही की क्रिकेटच्या लीगला कोणी करमणूक म्हणून हाकललं नाही. तिथं तर चीअरलीडर नाचतात.

हिशेबी ठाणेकर:
क्रिकेटला मध्ये आणू नका.

नोएडा रिटर्न:
आणणार. दर वेळी हेच. क्रिकेट सोडून बाकी कशावर खर्च झाला की ती चैन.

शेतावरची सोनू:
आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते? त्या भागातले शेतकरी 2011 ला शर्यत उधळू म्हणत होते, विसरलात? माझ्या माहेरची जमीन एमआयडीसीत गेली, कागदावर मोबदला अजून चालूच आहे, म्हणून मला ते सर्किट बघून टाळ्या वाजवता येत नाहीत. तुमचा फेटल गाडीला नमस्कार घालतो, छान आहे.

नोएडा रिटर्न:
ताई, ते मान्य. पण जमीन गेली ती गेली, आता निदान सर्किट तरी वापरा ना. 2023 ला मोटोजीपी (बाइकची शर्यत) आली, बेझेक्की जिंकला, की पुढच्या वर्षी परत गायब. ना शेत ना शर्यत.

शेतावरची सोनू:
"गेली ती गेली" म्हणणं सोपं आहे दादा, तुमची गेलेली नसते.

वळणवेडा:
मंडळी, धागा मोनॅकोचा आहे.

कार्टवाला कोल्हापूर:
मोनॅकोचंच सांगतो. भटकेसाहेब, तुमच्या त्या "आराम आणि शॉपिंग"च्या शनिवारी 2025 मध्ये एफ टूची (एफ वनच्या खालची मालिका) स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, झाली आणि ती कुश मैनी जिंकला. आपला बेंगळुरूचा पोरगा, मोनॅकोत एफ टू जिंकणारा पहिला भारतीय. वर जन गण मन वाजलं तिथं. आमच्याकडे पोरं कार्टिंगला आईबापाचं कर्ज काढून येतात, टायरचा एक सेट पुढच्या शर्यतीला पुरवून पुरवून वापरतात, आणि त्यांच्या मोबाईलमध्ये त्या शनिवारचा व्हिडिओ आहे. तुमच्याकडे तिथं बसायचे पैसे आहेत आणि तुम्ही पर्स घेणार. राग येतो, खोटं कशाला बोलू.

फर्स्टक्लास भटके:
आता पर्सवरून देशद्रोही ठरवा मला. मैनी जिंकला ते माहीत होतं मला.

बरं, एक विचारतो, टोमणे न मारता सांगा. के स्टँडवर सावली असते का?

वळणवेडा:
नसते. टोपी चालते, छत्री उघडलीत तर मागचा इटालियन ओरडतो. पण शनिवारी क्वालिफाइंग तासाभराचं असतं, तेवढं ऊन वहिनी सोसतील. खालच्या रांगा अजिबात घेऊ नका, जाळीतून बघावं लागतं.

आणि तुमच्या "माहौल"साठीच सांगतो, संध्याकाळी गाड्या थांबल्या की ट्रॅक पुन्हा रस्ता होतो. रास्कासच्या वळणावर बार आहे, लोक ग्लास घेऊन ट्रॅकवरच उभे असतात. दुपारी जिथून लक्लेर गेला तिथं चालत जा, रबराचे काळे तुकडे चिकटतात बुटाला, बॅरियरवर घासलेला रंग बोटाला लागतो. ह्याला तिकीट नाही. आणि लक्लेर तिथलाच पोरगा, 2024 ला जिंकला तेव्हा लुई शिराँनंतर, म्हणजे 1931 नंतर, पहिल्यांदा मोनॅकोचा माणूस घरी जिंकला. त्या रात्री त्या रस्त्यावर असायला मी यॉटचे पैसे दिले असते.

फर्स्टक्लास भटके:
म्हणजे वरात म्हणून हिणवलेल्या रविवारसाठी तुम्ही पण पैसे दिले असते. नोंद घेतली आहे.

वळणवेडा:
शर्यतीसाठी नाही, रात्रीसाठी.

फर्स्टक्लास भटके:
हो हो. ठीक आहे. शनिवार के स्टँड, वरची रांग. हेलिकॉप्टर जाताना फक्त. यॉट राहणार, ती बायकोनं तिच्या बहिणीला आधीच सांगितलीय. नीसला राहणार नाही म्हणजे नाही.

सूनबाई दुबईच्या:
वहिनींना सपाट चपला घ्यायला सांगा, जिने खूप आहेत. आणि पायाची नखं रंगवून जा म्हणावं, बोटीवर तेच दिसतात.

जुनी गाडी:
बेल्जियमच्या स्पा ट्रॅकला जा त्यापेक्षा. वीस लाखांत पाच वेळा होईल.

नोएडा रिटर्न:
ग्रेटर नोएडाला वीस वेळा झालं असतं.

तळ्यात मळ्यात:
आम्ही रोशेच्या डोंगरावरच्या स्वस्त तिकिटावर जायचा विचार करतोय, दोघं भाऊ, नीसला राहून. सकाळी किती वाजता पोचावं? आणि व्हिसा मोनॅकोचा वेगळा लागतो का?

वळणवेडा:
वेगळा नाही, फ्रान्सचा शेंगेन चालतो, नीसहून जाताना सीमेवर कोणी विचारत पण नाही. फाइल सहा महिने आधीपासून लावता येते, पहिल्या दिवशीच लावा. रोशेला उजाडताच पोचा, उतार आहे आणि खडक आहेत, बसायला जाड काहीतरी न्या. परतीच्या ट्रेनला शर्यत संपल्या संपल्या पळू नका, दोन तास थांबा.

हिशेबी ठाणेकर:
आणि हॉटेल रिफंडेबलच घ्या!!!